विचारल्याशिवाय टोबर येत नाही

डॉर्चेस्टर, बॉस्टन
६ सप्टेंबर १९९२

प्रिय गोब्नेट,

तुझं जूनचं पत्र मिळून तीन महिने झाले. उत्तर दिलं नाही म्हणून ओरडायचं असेल तर आधी ओरडून घे आणि मग पुढे वाच.

काम टाइगचं आहे. माझा भाऊ तुझ्या घरापासून दीड मैलावर राहतो आणि त्याची काळजी मी समुद्राच्या या काठावरून करते, हा कुठला न्याय? बायको, नोरीन, जाऊन त्याला चार महिने झाले. मी दर रविवारी त्याला फोन करते. तो उचलतो आणि बोलत नाही. मला घड्याळ ऐकू येतं, कुत्रा ऐकू येतो, टाइग ऐकू येत नाही. शेजारणीने कळवलं की गायी दहा-दहा वाजेपर्यंत धार काढायच्या राहतात. नोरीनचा एप्रन अजून दारामागे टांगलेला आहे आणि तो कुणाला त्याला हात लावू देत नाही.

तुमचं ते टोबर आहे ना? मंडळाला पवित्र विहिरीचं नाव देऊन हिंडता, तू गाणारी, शाळेतली डर्व्हला हार्प घेऊन आणि फ्लरी पोस्टमन बासरी घेऊन. अख्ख्या केरीत कोण कुठे आजारी आहे, कोण दुःखात आहे, तिथे जाऊन वाजवता. मग मावसभावाच्या घरी जायला पाय दुखतात का? गाण्याने माणूस बरा होतो यावर माझा विश्वास नाही, हे तुला ठाऊक आहे. डॅनच्या उशाशी मी आठ दिवस गायले आणि मला विधवा करून तो गेलाच. त्याला वीस वर्षं झाली, त्यानंतर मी गायलेले नाही. पण टाइगचा विश्वास आहे. जा गं.

हॅनोरा

•

बॅलिगरून, केरी
१७ सप्टेंबर

हॅनोरा,

आधी ओरडून घेतलं. कोंबड्या घाबरून गोठ्यात पळाल्या. आता पुढे.

मी जाणार नाही.

तीस वर्षं तिकडे राहून तू घरचं सगळंच धुऊन टाकलंस की काय? आपल्या आजीकडे भाजल्यावरचा उतारा होता. तीन तालुक्यांतून माणसं यायची. तिने कधी कुणाला 'ये' म्हटलं का? माणसाने स्वतःच्या तोंडाने मागायचं. देणाऱ्याने काही घ्यायचं नाही. आणि घेणाऱ्याने आभार मानायचे नाहीत, मानले की गुण गेला. आजीच्या उताऱ्याला जे लागू होतं तेच माझ्या गाण्याला लागू आहे. विचारल्याशिवाय टोबर कुणाच्या दारात जात नाही, मग तो मावसभाऊ असो की बिशप.

आणि आम्ही बरं करतो असं मी कधी म्हटलं? बरं करायला डॉक्टर आहे. दुःख झालं की माणूस स्वतःच्याच अंगातून उठून बाहेर जाऊन बसतो. आम्ही त्याला हाताला धरून परत आत आणतो. एवढंच काम, आणि ते आम्हाला फार चांगलं येतं. डॅन शेवटी शांत होता, असं तूच तेव्हा लिहिलं होतंस. ते पत्र माझ्या कपाटात आहे. पाठवू का?

टाइगला तोंड आहे आणि माझं फाटक त्याला माहीत आहे.

गोब्नेट

•

डॉर्चेस्टर
२८ सप्टेंबर

गोब्नेट,

तू दगड आहेस. लहानपणीही होतीस.

मी त्याच्या वतीने विचारते. चालेल? नसेल चालत तर तुझे नियम घेऊन समुद्रात जा.

काल मी फोनवर त्याला म्हटलं, "टाइग, गोब्नेटला बोलाव." पाच मिनिटं घड्याळ ऐकलं. मग तो म्हणाला, "तिचं कुंपण मोडलंय." आणि फोन ठेवला. चार महिन्यांतलं हे त्याचं पहिलं वाक्य. त्याचा अर्थ तूच लाव, तू हुशार ना.

हॅनोरा

•

बॅलिगरून
२० ऑक्टोबर

प्रिय हॅनोरा,

माझं कुंपण ठणठणीत आहे. पण अर्थ मी लगेच लावला: पठ्ठ्या कुंपणापर्यंत येऊन न विचारताच परत गेला होता. म्हणून मी थांबले. तू मला दगड म्हणालीस तरी थांबले.

गेल्या मंगळवारी सकाळी मी कोंबड्यांना हाक मारून दाणे टाकत होते आणि तो फाटकाशी उभा. टोपी डोळ्यांवर ओढलेली.

"हवा बरी आहे," म्हणाला.

"बरी आहे."

"उद्या बिघडेल."

"बिघडेल."

मग तो माझ्या कोंबड्या बघत बसला. काळी गाय आटली, हे सांगितलं. छपराचा एक पत्रा वाजतो, हे सांगितलं. अर्धा तास झाला. मी दाणे टाकतेच आहे, कोंबड्यांना खाववेना. शेवटी म्हणाला, "तुमचं ते... गुरुवारी कुठे असतं का?"

"कसलं ते?"

"ते फ्लरीच्या बासरीचं."

"असतं. ज्याने विचारलं त्याच्याकडे असतं."

त्यावर तो असा लाल झाला म्हणून सांगू! "मग मी काय करतोय, गोब्नेट? विचारतोच आहे ना! आता काय चिखलात गुडघे टेकू?"

"नको," मी म्हटलं. "साडेतीनला येऊ."

आम्ही साडेतीनला गेलो. नेहमीप्रमाणे तीन गाणी केली: आधी शोकाचं, मग हसूचं, मग निजेचं. शोकाचं या वेळी डर्व्हलाने म्हटलं, पोरीला सवय व्हायला हवी. बरं म्हटलं. दुसऱ्या कडव्याला टाइग उठला. मला वाटलं, निघाला. पण तो दाराकडे गेला, नोरीनचा एप्रन खाली काढला, टेबलावर ठेवून हाताने सुरकुत्या काढल्या आणि घडी घातली. घडी जमेना. तीनदा घातली. फ्लरीला पुढे फुंकता येईना, हा एवढा बाप्या, मी त्याला कोपराने ढोसलं. हसूच्या गाण्याला टाइग हसला वगैरे नाही, पण त्याचा पाय हलला. निजेच्या गाण्याला तो खुर्चीतच झोपला, आणि असा घोरला की कुत्रा उठून बाहेर गेला. आम्ही चहासुद्धा न घेता निघालो. बॅलिगरूनमध्ये चहा न घेता कुणाच्या घरातून बाहेर पडणं म्हणजे काय, ते तुला सांगायला नको.

रविवारी चर्चच्या दारात तो माझ्या अंगावरून गेला, बघितलंसुद्धा नाही. अगदी बरोबर वागला. सोमवारी फ्लरीच्या फाटकाशी बटाट्यांचं पोतं होतं, कुणी ठेवलं कुणास ठाऊक.

आता त्याला फोन कर. बोलेल.

गोब्नेट

•

डॉर्चेस्टर
२ नोव्हेंबर

माझी लाडकी गोब्नेट,

तो बोलला! वीस मिनिटं! मुख्यतः त्या वाजणाऱ्या पत्र्याबद्दल, पण बोलला. नोरीनचं नावही घेतलं. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात बसून रडले. तुझे आभार कसे मानू? मनापासून आभार, तुझे, डर्व्हलाचे, फ्लरीचे. हजारदा आभार.

एक विचारायचं आहे. शोकाचं गाणं डर्व्हलाने म्हटलं? ते तू आजवर कुणाला म्हणू दिलं नाहीस. मी तुझ्याबरोबर गात होते तेव्हा मलाही नाही, एकदा आजीच्या मयताला सोडून. तब्येत बरी आहे ना?

तुझी
हॅनोरा

•

बॅलिगरून
१४ नोव्हेंबर

हॅनोरा मर्फीबाई,

अक्कल गहाण टाकलीस का? एका पत्रात तीनदा आभार! लेखी! पत्र वाचलं आणि मी कात्री आणली. तिन्ही ठिकाणचा शब्द कापून काढला आणि चुलीत टाकला. आता तुझ्या पत्राला तीन खिडक्या आहेत आणि त्यातून मागचा मजकूर दिसतो. फ्लरीला दाखवलं, तो म्हणाला, अमेरिकेत दुकानात माणूस पिशवी देतो तरी आभार मानतात, बिचारीची जीभच तशी वळली आहे. मी म्हटलं, वळली असेल तर सरळ करावी तिने. टाइग काल बाजारात गप्प गप्प होता असं कुणी म्हणालं, तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. सुदैवाने त्याची दाढ दुखत होती.

माझी तब्येत उत्तम. घशात जरा खरखर आहे, गवताची धूळ. गरम पाण्याने जाते.

गोब्नेट

•

डॉर्चेस्टर
८ जानेवारी १९९३

गोब्नेट,

नोव्हेंबरात गवताची धूळ कुठून आली, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. माझ्या दोन पत्रांना उत्तर नाही. नाताळात चारदा फोन केला, चारही वेळा डर्व्हलाने उचलला आणि तू 'जरा बाहेर' होतीस. एकदा तर सकाळी सातला, पाऊस पडत असताना.

काल तुझ्या मावसभावाचं पत्र आलं. आयुष्यातलं पहिलं. जसंच्या तसं उतरवते:

"गोब्नेटला कॉर्कला नेलं होतं. घशातून काहीतरी काढलं. वाईट प्रकारातलं नव्हतं. आता पाटीवर लिहून हुकूम सोडते. काळी गाय व्याली. टाइग."

तुझ्यावर इतका राग आहे की मी स्वयंपाकघरातली सगळी भांडी दोनदा घासली. मला का नाही कळवलंस?

हॅनोरा

•

बॅलिगरून
१६ जानेवारी

हॅनोरा,

त्याचं तोंड आम्ही उघडलं आणि पहिली चहाडी त्याने माझीच केली!

बरं, आता कळलंच आहे तर ऐक. शस्त्रक्रिया झाली नोव्हेंबरच्या अखेरीस. सहा आठवडे तोंड बंद ठेवायला सांगितलं. फ्लरी म्हणाला, गावाला नाताळची इतकी चांगली भेट कधी मिळाली नव्हती. मी पाटीवर जे लिहिलं ते इथे लिहीत नाही. मुदत सोमवारी संपली. डॉक्टरने नळी घालून बघितलं, म्हणाला, जखम छान भरली, गोब्नेटबाई, बोला आता. मी तोंड उघडलं. नुसता वारा आला. तो म्हणाला, येईल, घाबरू नका. मी कुठे घाबरले आहे? आवाजाला कुणी कळवलेलं दिसत नाही, एवढंच. सध्या कोंबड्यांना पत्र्याचा डबा वाजवून बोलावते. त्या माझ्याकडे संशयाने बघतात.

काळजी डर्व्हलाची आहे. ११ फेब्रुवारीला संत गोब्नेटचा दिवस. माणसं विहिरीला फेऱ्या घालतात आणि शोकाचं गाणं मी म्हणते, तीस वर्षं म्हणते. टाइगच्या स्वयंपाकघरात तिने निभावलं, पण विहिरीवर तीनशे माणसं असतात. पोर घाबरून गेली आहे. परवा म्हणत होती, हॅनोरा इथे असती तर. तिच्यासाठी येऊन जाशील का? तिला आधार होईल.

गोब्नेट

•

डॉर्चेस्टर
२३ जानेवारी

प्रिय गोब्नेट,

डर्व्हलाला मी हवी असेन तर डर्व्हलाला पत्र लिहायला सांग. शाळेत शिकवते, लिहिता येत असेल.

माणसाने स्वतःसाठी, स्वतःच्या तोंडाने मागायचं. कुणाचा नियम आहे बरं हा? तुझं तोंड बंद आहे, म्हणून हाताने मागितलेलं चालवून घेईन, तेवढी सूट देते. पण दुसऱ्याच्या वतीने चालत नाही. मी भावासाठी विचारलं होतं, आठवतं? विचारल्याशिवाय हॅनोराही येत नाही.

खरं सांगते, मी घाबरले आहे. वीस वर्षांत किटलीशी गुणगुणण्यापलीकडे माझ्या गळ्यातून काही निघालेलं नाही. मी आले आणि मलाही वारा आला तर आपण दोघींनी काय डबे वाजवायचे? पण बॅग दारात भरून ठेवली आहे. शाळेच्या स्वयंपाकघरात रजा सांगितली आहे.

फाटकाशी किती वेळ उभं राहायचं ते तुझं तू ठरव. हवा इथे बरी आहे. उद्या बिघडेल.

हॅनोरा

•

बॅलिगरून
३१ जानेवारी

हॅनोरा,

चार कागद फाडले. हा पाचवा.

डर्व्हला घाबरलेली नाही. ती मस्त गाते. मी घाबरले आहे. सकाळी उठल्यावर मी तोंड उघडून बघतच नाही, कारण वारा आला तर मग पुढचा सगळा दिवस तसाच जातो. डॉक्टर म्हणतो सगळं जागेवर आहे. मीच जागेवर नाही. मी उठून कुठेतरी बाहेर जाऊन बसले आहे आणि मला परत आत येता येत नाही. आवाज नसेल तर मी कोण, हे मला माहीत नाही गं.

एकसष्ट वर्षांत मी कुणाकडे काही मागितलं नाही. मला वाटायचं, मागणाऱ्याचं सोपं असतं, अवघड ते देणाऱ्याचं. टाइग अर्धा तास फाटकाशी उभा होता आणि मी दाणे टाकत होते. त्याची मला आता लाज वाटते.

ये. माझ्यासाठी गा.

गोब्नेट

•

बॅलिगरून
२७ फेब्रुवारी

हॅनोरा,

तुझं राखाडी स्वेटर खुंटीवर राहिलं आहे. पाठवत नाही. न्यायला ये.

तू तिकडे पोचायच्या आत हे लिहिते आहे, कारण तू बॉस्टनभर काय सांगत सुटशील ते मला पक्कं ठाऊक आहे. गोब्नेटला गहिवरून आलं आणि तिला वाचा फुटली, असं सांगशील. साफ खोटं. मला राग आला.

तू आपल्या रीतीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून उभी राहिलीस तेव्हा, खरं सांगू, मला वाटलं ही काही गात नाही. म्हणून मी तुझा हात धरला आणि आपल्याकडे गाणाऱ्याचा धरतात तसा सावकाश गोल फिरवायला लागले, आजी तुझा फिरवायची तसा. शोकाच्या गाण्याचं पहिलं कडवं तू चाचरत म्हटलंस. दुसऱ्याला आवाज उघडला, आणि हॅनोरा, तो तसाच आहे, थोडा गंजलेला, पण तसाच. टाइगने टोपी काढली. फ्लरी खिडकीबाहेर बघत होता, तिथे बघण्यासारखं काहीही नव्हतं. मी रडत होते. हे मी लिहून देते, रडत होते. विहिरीवर जायच्या आदल्या दिवशी, माझ्याच स्वयंपाकघरात, मला कुणीतरी पहिल्यांदा गाऊन दाखवत होतं.

आणि मग तिसऱ्या कडव्याला तू अडलीस! मी हात फिरवते आहे, फिरवते आहे, तू गप्प. अगं, 'भरती' हा शब्द! तिथूनच तर सुरू होतं! मी तुझा हात दाबला, चिमटा काढला, तुला काही आठवेना. इतकं सोपं कडवं, आणि ही बाई समुद्र ओलांडून येऊन ते विसरते! माझ्या डोक्यात तिडीक गेली आणि मी ओरडले, "भरती! भरती गं बाई, भरती!"

कावळ्याने ओरडावं तसं. पण ओरडले. डर्व्हला किंचाळली. टाइग हसला, नोरीन गेल्यापासून पहिल्यांदा, पोट धरून. तू मात्र मागे वळूनसुद्धा बघितलं नाहीस. 'भरती' घेऊन सरळ पुढे गात गेलीस.

तू गेल्यापासून मला ते सारखं आठवतं. ते कडवं तू नऊ वर्षांची असताना आजीच्या मयताला एका दमात म्हटलं होतंस, मी तुझ्या शेजारी उभी होते. ते तू विसरशील? मी विचारणार नाही. तू हो म्हणालीस तर ठीक. नाही म्हणालीस तर मला एक शब्द लिहावा लागेल, आणि मी लिहिला की गुण जाईल. म्हणून तू काही कळवू नकोस आणि मी काही लिहीत नाही. कात्री तिथेही मिळत असेल, पण मी तुला कापायला काही ठेवलेलं नाही, हवं तर पत्र पुन्हा वाचून बघ.

विहिरीवर डर्व्हलाने म्हटलं त्याची वाहवा अजून चालू आहे. एप्रिलमध्ये आम्हाला ट्रलीला बोलावणं आहे. कुणी विचारलं, कसं विचारलं, ते पुढे कधीतरी.

आज सकाळी पत्र्याचा डबा सापडेना. टाइग काल गोठ्यासाठी घेऊन गेला असणार, विचारल्याशिवाय. मी दाण्याची वाटी घेऊन दारात उभी राहिले. बराच वेळ उभी राहिले. मग हाक मारली.

कोंबड्या आल्या. अकराच्या अकरा.

गोब्नेट